कॉमिकमध्ये गाणं आणि सर कसे आणायचे

अरे तुझी पहिली पानं वाचली, पोरं एकदम खरी वाटतात, साताऱ्यात राजवाड्यापाशी चौपाटीवर बसून एकच इअरफोन वाटून घेणारी ती दोघं तर फारच आवडली. पण सिनेमातलं अख्खं गाणं पॅनलमध्ये उतरवलंयस ते काढ. गीतकाराचे हक्क आपल्याकडे तो गेल्यावरही 60 वर्षं राहतात, म्हणजे परवानगी लागणारच, आणि खरं सांगू का, वाचणाऱ्याला चाल ऐकूच येत नाही ना, मग लांबलचक कडवं नुसता मजकूर होऊन बसतं. दोन ओळी पुरतात. त्या तुझ्या पात्रानंच लिहू देत, वहीच्या मागच्या पानावर, खाडाखोड दिसू दे, यमक चुकू दे, दहावीतली पोरगी तसंच लिहिणार. जुनं हवं असेल तर तुकोबांचे अभंग आहेतच. आणि गाण्याच्या ओळीला संवादाचा फुगा नको, अक्षर वेगळं ठेव.

आता तुझ्या गोष्टीतले शाळेचे सर. ते दर भागात येऊन भाषण देतात, ते मला खटकलं. अरे आपल्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, गरीब पोरांसाठी वसतिगृह चालवलं, कमवा आणि शिका म्हणत शिकवलं, म्हणजे आधार कामातून दिला. तसं तुझ्या सरांना काहीतरी करू दे की! गॅदरिंगमधून नाव कापलेल्या पोरीला बाजाच्या पेटीच्या खोलीची किल्ली देऊ देत, तिची ओळ वाचून एकच शब्द अंडरलाइन करू देत आणि निघून जाऊ देत, पुढचं तिचं ती बघेल. तो सीन आधी काढ आणि मला पाठव.