आजीच्या तसबिरीतली चिलीम

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मिनेसोटातल्या पाईपस्टोनची सहल करून आल्यापासून तू मला एकच प्रश्न तीनदा विचारलास आणि तिन्ही वेळा मी ‘नंतर सांगतो’ म्हणालो. तिथल्या खाणीतल्या लाल दगडाच्या चिलमी लकोटा आणि अमेरिकेतल्या इतर मूलनिवासी लोकांना पवित्र वाटतात, चिलमीचा धूर प्रार्थना वर घेऊन जातो अशी त्यांची श्रद्धा आहे, हे तू तिथे ऐकलेस. लगेच तुला आजीच्या देवघरातली गजानन महाराजांची तसबीर आठवली, कारण तिच्यात महाराजांच्या हातात चिलीम आहे. मग आपल्याकडेही चिलीम पवित्र असते का, आणि असेल तर सिगारेट ओढणारा माणूस दिसला की मी तुला हाताला धरून दुसऱ्या बाजूला का नेतो, असा तुझा प्रश्न होता. चालत्या गाडीत याचे धड उत्तर देता आले नसते, म्हणून लिहितो आहे.

आपल्या पूजेत धूर भरपूर आहे. धूप, ऊद, उदबत्ती, होम हे सगळे तू पाहिले आहेस. पण हा धूर देवापुढे दरवळायचा असतो, ओढायचा नसतो. पूजेच्या सोळा उपचारांत धूप आहे, चिलीम नाही. चिलीम आपल्याकडे भेटते ती साधूंच्या धुनीपाशी आणि काही संतांच्या चरित्रांत.

आधी ती वस्तू समजून घे. आपली चिलीम कुंभार करतो. ती मातीची, सरळ, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली नळी असते. तंबाखू ओढणाऱ्याच्या तोंडात येऊ नये म्हणून तिच्या गळ्यात एक खडा बसवतात, वर निखारा ठेवतात आणि खालच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात, त्याला छापी म्हणतात. चिलीम मुठीत उभी धरून झुरका मुठीतून घ्यायचा असल्यामुळे ओठ तिला लागत नाहीत. उष्ट्याखरकट्याचे नियम कडक असलेल्या समाजात एकच चिलीम दहा जणांत फिरू शकली, त्याला ही साधी सोय बरीच कारणीभूत असावी असे मला वाटते. लकोटा लोकांच्या चिलमीचे दगडी तोंड आणि लाकडी दांडी वेगवेगळी ठेवतात आणि विधीच्या वेळीच जोडतात, पिढ्यान्‌पिढ्या जपतात. आपली चिलीम मात्र फुटली की लोक निमूटपणे दुसरी आणतात.

शिवाय तिच्यातला तंबाखू मुळात तुझ्या त्या लाल खाणीच्याच खंडातला आहे. पोर्तुगीजांबरोबर तो हिंदुस्थानात आला, दख्खनमध्ये रुळला, आणि 1604 च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने विजापूरहून तो अकबराच्या दरबारात नेला. त्याआधी आपल्याकडे धूम्रपान अजिबात नव्हते असे नाही. चरकसंहितेत औषधी वनस्पतींची वात करून नळीतून धूर घेण्याचे उपचार सांगितले आहेत. पण ते वैद्यकातले, पूजेतले नव्हेत. म्हणून चिलमीला वेदकाळात नेऊन बसवणाऱ्या कोणावर विश्वास ठेवू नकोस.

साधूंचे सांगायचे तर 2015 साली नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ झाला, तेव्हाची छायाचित्रे मी तुला दाखवली होती. शैव साधू धुनीभोवती बसतात, चिलीम कपाळाला लावून शंकराचे नाव घेतात आणि झुरका घेऊन ती शेजाऱ्याकडे देतात. तिच्यात बहुधा गांजा असतो. शंकराने विष पचवले, तसे त्याच्या भक्तानेही हे पचवावे, असा त्यामागचा भाव सांगतात. कायद्याला तो मान्य नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा सर्वांनाच बंद आहे.

आता आजीची तसबीर. शेगावच्या महाराजांच्या पोथीत काशीहून आलेल्या एका गोसाव्याची गोष्ट आहे. त्याने महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस केला होता, पण सांगायची लाज वाटून तो मागेच बसून राहिला. महाराजांनी स्वतःच त्याला पुढे बोलावले आणि त्याच्या मनासाठी ती भेट स्वीकारली. लगेच पोथी बजावते की महाराज व्यसनी नव्हते, कमळाच्या पानासारखे अलिप्त होते. हा खुलासा करावासा वाटला, यावरून वाचणाऱ्यालाही तुझ्यासारखाच प्रश्न पडणार हे पोथीकार दासगणूंना ठाऊक होते, असे दिसते.

मला स्वतःला याहून आवडते ते शिर्डीचे वर्णन. साईबाबा रात्रीआड मिरवणुकीने चावडीत झोपायला जात. त्या मिरवणुकीनंतर बाबांच्या जवळच्या भक्तांपैकी शामा चिलीम भरी, तात्या पाटील ती पेटवून बाबांना देई, बाबांनंतर ती म्हाळसापतींकडे जाई आणि मग जमलेल्या सगळ्यांत फिरे. तिच्यात तंबाखूच असे. ‘साईसच्चरित’ लिहिणारे दाभोलकर इथे थांबून खुद्द चिलमीचे कौतुक करतात: कुंभाराने तिला तुडवले, उन्हात वाळवले, आव्यात भाजले, एवढे तप तिने केले तेव्हा तिला बाबांचा हात लाभला. मातीच्या एका नळीविषयी इतक्या मायेने कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. त्या चावडीत बसलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, नाना जातींचे लोक होते. एरवी एकमेकांच्या हातचे पाणी प्यायला कचरणाऱ्यांपुढे तीच चिलीम येत असे आणि ती नाकारणे कोणाला सुचत नसे. शिर्डीत चिलमीला काही पावित्र्य असेल तर ते या फिरण्यात होते, असे माझे मत आहे. धुरात मला ते सापडत नाही.

दुसरी बाजूही तितकीच आपली आहे. तुकाराम महाराजांनी, म्हणजे तंबाखू येऊन फार दिवस झालेले नसताना, तोंडात तमाखूची नळी धरून भांग पिणाऱ्या कलियुगातल्या संतांना एका अभंगात चांगलेच झोडपले आहे; हे सगळे सोंग, तिथे पांडुरंग कुठला, असे ते विचारतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी व्यसनापासून लांब राहतो तो याच वाटेने. आपले घर त्या वाटेचे आहे. तुला दुसऱ्या बाजूला नेण्याचे कारण मात्र याहून साधे आहे: सिगारेटचा धूर ओढणाऱ्याच्या शेजारच्यालाही अपाय करतो, आणि तुझी फुप्फुसे अजून वाढत आहेत.

आजी त्या तसबिरीपुढे पिठले-भाकरीचा नैवेद्य दाखवते, तंबाखू कधीच ठेवत नाही. तसबिरीतली चिलीम मात्र ती रोज फुलवातीच्या उजेडात पाहते आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. का वाटत नाही, हे तू रविवारी फोनवर तिलाच विचार. पुढच्या भारतभेटीत शिर्डीला जाऊ, तेव्हा तिथल्या संग्रहालयात बाबांच्या चिलमी काचेआड ठेवलेल्या आहेत, त्या तुला दाखवीन.

तुझा,
बाबा