फ्रान्सचा राजा लुई चौदावा याने काढून टाकलेला मंत्री पुन्हा त्याच्या मंत्रिमंडळात आला, असं कधी झालं का?

हो, झालं. ज्याच्या बाबतीत झालं, त्याच्याबद्दल मला फार आत्मीयता आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्याचं नाव सिमों आर्नो, मार्की द पोंपोन. 1679 मध्ये राजाने त्याला परराष्ट्रमंत्रिपदावरून घालवलं आणि 1691 मध्ये सन्मानाने परत बोलावलं.

फ्रेंच शिकत असताना मला त्या काळातल्या प्रसिद्ध पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये यांची पत्रं वाचायला लावली होती. त्यातली 1664 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली पत्रं पोंपोनला लिहिलेली आहेत. राजाचा पूर्वीचा अर्थमंत्री फुके तेव्हा खटल्यात सापडला होता. आज कोणी काय विचारलं, फुकेने काय उत्तर दिलं, असं सगळं त्या मोठ्या तळमळीने कळवतात. पोंपोनला हे पत्रातून कळवावं लागत होतं, कारण फुकेचा मित्र म्हणून 1662 मध्येच त्याला पॅरिसमधून हद्दपार केलं होतं. म्हणजे राजाची गैरमर्जी त्याने मंत्री होण्याच्या आधीच एकदा भोगली होती.

त्यात घराणं आर्नोंचं. पोर-रोयाल मठ आणि जान्सेनवादी हा कॅथलिकांमधला कडक शिस्तीचा पंथ, यांचा हे घराणं म्हणजे कणाच. त्याचे काका आंत्वान आर्नो त्या पंथाचे सर्वांत मोठे लेखक, आणि राजाला या पंथाचा मनापासून तिटकारा. अशा घरातला माणूस वर येणं अवघडच होतं. पण 1665 मध्ये त्याला राजदूत म्हणून स्टॉकहोमला पाठवलं, पुढे 1669 मध्ये हेगला, आणि 1671 मध्ये पुन्हा स्टॉकहोमला. पहिल्या खेपेला यश हाती लागलं नाही. 1668 मध्ये स्वीडन इंग्लंड आणि हॉलंडच्या बाजूला गेला. पण त्याची पत्रं राजा वाचत होता. सप्टेंबर 1671 मध्ये परराष्ट्रमंत्री लिओन वारला आणि राजाने त्या जागेसाठी थेट स्टॉकहोममधल्या पोंपोनला निवडलं. ना तो अर्थमंत्री कोल्बेरच्या गोटातला, ना युद्धमंत्री लुव्हुआच्या. तेव्हा सगळा दरबार या दोघांत वाटला गेला होता, हे लक्षात घेतलं तर निवड किती अनपेक्षित होती ते कळतं.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण 1672 च्या उन्हाळ्यातला. फ्रेंच फौजा ऱ्हाइन ओलांडून हॉलंडमध्ये घुसल्या होत्या आणि डच प्रतिनिधी राजाच्या छावणीत तहाची बोलणी करायला आले होते. मास्ट्रिख्ट, दक्षिणेकडचा मोठा मुलूख आणि वर 1 कोटी लिव्र असा त्यांचा देकार होता. पोंपोनचं मत होतं की एवढं मिळतंय तर घ्यावं आणि लढाई थांबवावी. युद्धमंत्री लुव्हुआला आणखी हवं होतं. राजाने लुव्हुआचं ऐकलं आणि अटी अशा कडक केल्या की डचांनी दरवर्षी शिष्टमंडळ पाठवून, सुवर्णपदक अर्पण करून राजाचे आभार मानावेत, हीसुद्धा एक अट त्यात होती. डचांनी बोलणी मोडली. त्यांनी बांध फोडून आपलाच मुलूख पाण्याखाली घातला होता, त्यामुळे फौजा पुढे सरकेनात. मग स्पेन आणि जर्मन सम्राट त्यांच्या मदतीला आले आणि सहा वर्षं युद्ध चाललं. 1678 च्या नायमेगनच्या तहात फ्रान्सला फ्रांश-कोंते हा प्रांत मिळाला खरा, पण तो स्पेनकडून. मास्ट्रिख्ट तर उलट फ्रान्सलाच डचांच्या हवाली परत करावं लागलं. पोंपोनचं ऐकलं असतं तर किती माणसं वाचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हा तह त्याच्याच मंत्रिपदाच्या काळात झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याची गच्छंती झाली. निमित्त अगदी किरकोळ होतं. युवराजाच्या लग्नाची बोलणी बव्हेरियात चालली होती. तिथला जासूद महत्त्वाचा खलिता घेऊन आला तेव्हा पोंपोन आपल्या गावच्या वाड्यावर होता, आणि सांकेतिक मजकूर उलगडून राजापुढे ठेवायला उशीर झाला. दरम्यान तीच बातमी कोल्बेरकडून राजाच्या कानी गेली, कारण बव्हेरियात बोलणी करणारा क्रुआसी हा कोल्बेरचा सख्खा भाऊ. नोव्हेंबर 1679 मध्ये पोंपोनला पद सोडावं लागलं आणि त्या जागी आला हाच क्रुआसी.

खरं कारण राजाने स्वतःच लिहून ठेवलं आहे. राजेपणाच्या धंद्याबद्दलच्या त्याच्या टिपणात तो म्हणतो की या मंत्र्याच्या हातून जे जाई, त्यातला फ्रान्सच्या राजाला शोभणारा रुबाब आणि जोर कमी होई. आपण त्याला वेळीच दूर केलं नाही, याचा दोषही तो स्वतःकडे घेतो. पोंपोनची भाषा सौम्य होती, समोरच्याला मान राखून माघार घेता यावी अशी. राजाला ती दुबळेपणाची वाटली. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. क्रुआसीच्या धमकीच्या भाषेने पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ सगळा युरोप फ्रान्सच्या विरोधात एकवटला.

बारा वर्षं तो गप्प राहिला. मग जुलै 1691 मध्ये लुव्हुआ अचानक वारला आणि काही दिवसांतच राजाने पोंपोनला राजमंडळात परत घेतलं. खातं मात्र क्रुआसीकडेच राहिलं. पोंपोनला मिळाली ती सल्लामसलतीतली जागा. 1696 मध्ये क्रुआसी गेला, त्याचा मुलगा तोर्सी मंत्री झाला आणि राजाच्या इच्छेने पोंपोनच्या मुलीचं लग्न त्याच्याशी लागलं. तोर्सी तेव्हा जेमतेम तिशीचा होता, म्हणून सासऱ्याच्या देखरेखीखाली काम चाले. एकवटलेल्या युरोपशी चाललेलं युद्ध संपवणारा 1697 चा रिस्विकचा तह याच जोडीच्या काळातला.

या तहाचा एक धागा आपल्या इतिहासापर्यंत येतो. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना, 1693 मध्ये, डचांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी जिंकून घेतली होती. रिस्विकच्या तहाने ती फ्रेंचांना परत मिळाली आणि 1699 मध्ये ताबाही मिळाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ऐंशीव्या वर्षी, फाँतेनब्लोला दरबाराचा मुक्काम असताना पोंपोन वारला. तेव्हा तो मंत्री होता.