रिसेप्टरवरचं औषध, साठ हजारांचा कोर्स आणि बी.फार्मचं तिसरं वर्ष

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टर प्रथिनांसाठी औषधं डिझाईन करायची, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. जवळच्या एका क्लासमध्ये ‘एआय ड्रग डिझाईन’चा सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी साठ हजार, नोकरीची हमी. तिचे बाबा म्हणतात, रबाळे-महापेला क्यूसीत, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीत, चिकटली तर वाईट काय? काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, साठ हजार भरू नका. अशा कोर्सात शिकवतात ती सॉफ्टवेअरं, म्हणजे ऑटोडॉक विना (रेणू प्रथिनात बसवून बघायला), ग्रोमॅक्स (रेणूंची हालचाल चालवून बघायला), पायमॉलची मुक्त आवृत्ती (रचना बघायला), फुकट मिळतात. आणि नवीन औषध शोधणाऱ्या विभागात घेताना एम.फार्म किंवा एम.एस्सी. बघतात, नुसत्या सर्टिफिकेटवर तिथे कुणी उभं करत नाही. हमी देणारे बहुधा डेटा एंट्रीची नोकरी दाखवून मोकळे होतात.

मुलीची निवड मात्र उत्तम आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणावरचं असं प्रथिन, की बाहेरचा रेणू त्यात बसला की पेशीच्या आत संदेश जातो. बाजारातल्या मान्यताप्राप्त औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं जी-प्रोटीनशी (पेशीच्या आत संदेश पोचवणारं प्रथिन) जोडलेल्या रिसेप्टरांवर काम करतात, आणि माणसात हे रिसेप्टर सुमारे ८०० आहेत. खरी मेख निवडकपणात आहे. हृदयावर मुख्यतः बीटा-१, फुप्फुसात बीटा-२. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं, म्हणून दम्याच्या रुग्णाला ते दिलं तर श्वासनलिका आवळू शकतात. मेटोप्रोलॉल बीटा-१कडे झुकतं. दोन्ही रिसेप्टरांचे खिसे, म्हणजे रेणू बसतो त्या खाचा, जवळजवळ सारखेच असताना रेणूत असा फरक कसा घडवायचा, यात केमिस्टची आयुष्यं जातात.

तिला हे झेपेल का, आवडेल का, हे घरच्या लॅपटॉपवर दोन-तीन रविवारांत कळेल. प्रोटीन डेटा बँकेतून २आरएच१ ही रचना उतरवायला सांगा. हा बीटा-२ रिसेप्टर आहे, कॅराझोलॉल हा रेणू खिशात बसलेला, २००७ सालचा. आवरणातून बाहेर काढलं की हे प्रथिन डळमळतं, म्हणून त्याच्या एका लवचीक भागाच्या जागी टी-४ लायसोझाइम हे दुसरंच प्रथिन जोडून स्फटिक मिळवले होते. ते लायसोझाइम आणि पाण्याचे रेणू काढायचे, हायड्रोजन घालायचे, कॅराझोलॉल वेगळं करून विनाने पुन्हा त्याच खिशात बसवायचं. खोका, म्हणजे विनाने रेणू जिथे बसवून बघायचा ती जागा, कॅराझोलॉलच्या मध्यावर, प्रत्येक बाजू २० ते २२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). मूळ जागेपासूनचा फरक, म्हणजे आरएमएसडी, २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर मांडणी जमली. खोका सगळ्या प्रथिनाएवढा घेतला तर रेणू भलत्याच खाचेत जाऊन बसतो, आणि मुलं त्याला ‘नवीन बाइंडिंग साइट’ म्हणून प्रोजेक्टमध्ये छापतात!

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. कॅराझोलॉलमधल्या साखळीतल्या अमाइनच्या नायट्रोजनवर शरीरात धन प्रभार असतो आणि तो ११३ क्रमांकाच्या ॲस्पार्टेटला धरून राहतो. हायड्रोजन घालताना हा प्रभार द्यायचा राहून जातो. विना हे सॉफ्टवेअर प्रभार मोजतच नाही, त्यामुळे चूक असूनही स्कोअर, म्हणजे रेणू किती घट्ट बसला याचा अंदाजी आकडा, देखणा येतो. पुढे ग्रोमॅक्समध्ये रिसेप्टर लिपिडच्या, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या मेदाच्या, थरात ठेवून सिम्युलेशन केलं की तोच रेणू सुटू लागतो आणि कारण सापडत नाही.

मग त्याच रचनेत साल्ब्युटामॉल बसवून बघू दे, दम्याच्या पंपातलंच. स्कोअर येईल, पण साल्ब्युटामॉल रिसेप्टर चालू करतं आणि कॅराझोलॉल त्याला बंद ठेवतं, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. २आरएच१ ही बंद अवस्थेतली रचना आहे. चालू अवस्थेतली, जी-प्रोटीनसकटची, २०११ साली आली आणि पुढच्याच वर्षी लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘आकडा सारखा आणि परिणाम उलटा, असं का?’ हा प्रश्न तिला स्वतःहून पडला, तर तिला या वाटेला जाऊ द्या. नुसती रंगीत चित्रं आवडली, तर बाबांचं म्हणणं विचारात घ्या. क्यूसी हलकं काम नव्हेच, पण एचपीएलसी या औषधातले घटक मोजणाऱ्या यंत्रासमोर चार वर्षं काढून मग संशोधनाकडे वळणं जड जातं.

पुढची वाट अशी. शेवटच्या वर्षात जीपॅट, ही एम.फार्मसाठीची देशपातळीवरची परीक्षा. मान्यताप्राप्त कॉलेजात एम.फार्मला प्रवेश मिळाला तर जीपॅटवाल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन आहे. जीपॅटच्याच आधारावर नायपर या केंद्र सरकारच्या औषधशास्त्र संस्थांची वेगळी प्रवेश परीक्षा देता येते. मोहालीच्या नायपरमध्ये फार्माकोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे कॉम्प्युटरवरचा औषधशोध, हा स्वतंत्र विषय आहे. घरून जा-ये करायची असेल तर माटुंग्याचं आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) किंवा कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी. माझं मत विचाराल तर शाखा फार्मास्युटिकल केमिस्ट्री घ्यावी आणि कॉम्प्युटरचं काम प्रबंधात करावं. कॉम्प्युटरवर सुचलेला रेणू बनवता येतो का, हे ज्याला कळतं त्याच्या शब्दाला टीममध्ये वजन असतं.

स्वतंत्रपणे रेणू सुचवण्याच्या पदांसाठी बहुतेक ठिकाणी पीएच.डी. लागते, म्हणजे आणखी पाचेक वर्षं. जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. नोकऱ्या बऱ्याचशा बेंगळुरू-हैदराबादच्या करारावर संशोधन करणाऱ्या कंपन्यांत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात उत्पादन, फॉर्म्युलेशन आणि ॲनालिटिकलच जास्त. लेक घराबाहेर राहणार, हे आत्ताच धरून चाला.

या सुट्टीत खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, प्रशिक्षणासाठी विचारावं. तिथे कर्करोगावर काम चालतं, आणि कर्करोगाशी जोडलेले ईजीएफआर, हर-२ हेही आवरणावरचेच रिसेप्टर. एकच ईमेल वीस शास्त्रज्ञांना पाठवू नये. एकाचा अलीकडचा शोधनिबंध वाचून, त्यातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारून लिहावं, सोबत २आरएच१चा आरएमएसडी आणि बसवलेल्या रेणूचं चित्र जोडावं. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण द्यावी, मग पुढच्या प्रयोगशाळेकडे वळावं. वाचलेल्या साठ हजारांतून लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून घ्या, मोठ्या फायली हाताळायला बरं पडेल; लिपिडसकटच्या सिम्युलेशनचा वेग मात्र मुख्यतः प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर ठरतो.