नव्या आशाताईला: डास कधी चावतो ते आधी समजून घे

ताई, गडचिरोलीत काम करायचं तर पहिल्यांदा घड्याळ डोक्यात बसव. दिवसा चावणारा पट्टेवाला डास डेंग्यूचा. मलेरियाचा ॲनोफिलिस दिवेलागणीनंतर निघतो आणि पहाटेपर्यंत रक्त शोधत फिरतो. जोर कुठे दहाच्या सुमारास, कुठे मध्यरात्रीनंतर. गावागणिक, ऋतूगणिक फरक पडतो. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी.

आपल्याकडे ॲनोफिलिसच्या मुख्य जाती दोन. क्युलिसिफेसीस धानाच्या बांधीत, डबक्यात वाढतो. त्याला गुरं जास्त आवडतात, पण माणूसही चालतो. फ्लुविएटिलिस संथ वाहत्या ओढ्याकाठचा आणि त्याला माणूसच हवा. म्हणून ओढ्यालगतच्या टोल्यावर (वस्तीवर) आधी जा.

"मच्छरदाणी आहे का?" एवढंच विचारू नकोस. सगळे "आहे" म्हणतात! कुठे आहे ते बघ. बऱ्याचदा पेटीत घडी करून, नाहीतर कोंबडीच्या पिलांवर. किती वाजता आत शिरता, अंगणात जेवण-गप्पा किती वेळ चालतात, धानाच्या राखणीला शेतावर कोण झोपतं, हे विचार. जागलीवरच्या माणसाला दाणी सोबत न्यायला लाव, कडा अंथरुणाखाली खोचून दाखव. अंगणात बसताना अंगभर कपडे. औषधी दाणी धुतली तर सावलीत वाळवायची, उन्हात औषध मरतं.

आणि ताप आला की तो कधी येतो-जातो याची वाट बघत बसू नकोस. त्याच दिवशी बोट टोचून मलेरियाच्या किटवर तपास. फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा जंतू, थांबत नाही.