हातात इंजिन, मग बंदूक कुठे?

प्रश्न : आजोबा, गड्ड्याच्या यात्रेत भावाच्या मोबाइलवर जेट सूट घालून उडणारा माणूस पाहिला. आपले जवान असे का उडत नाहीत?
– नववीतला वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अरे, त्याचे हात बघितलेस का? ब्रिटनच्या रिचर्ड ब्राउनिंगच्या सूटमध्ये पाठीवर इंजिन आणि दोन्ही हातांवरही इंजिनं. हात हलवूनच तोल सांभाळायचा. मग बंदूक धरायची कशी? मी 21 वर्षं फौजेत काढली, मला पहिली शंका हीच आली. शिवाय आवाज एवढा, की शत्रूला आधीच वर्दी!

1961 मध्ये अमेरिकेत बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट, म्हणजे पाठीवर बांधून उडायचं यंत्र, उडाला. पहिली झेप 13 सेकंदांची, पुढेही मजल वीसेक सेकंदांचीच. एवढ्यात आपला सिद्धेश्वर तलावसुद्धा पार व्हायचा नाही. तिथल्या लष्कराने नाद सोडला.

पण 2021 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्स सैनिकांनी अशा सूटची चाचणी घेतली : लहान बोटीवरून उडून थेट जहाजाच्या डेकवर, मग मागच्यांसाठी शिडी खाली. हे मात्र पटलं बुवा. आपल्या लष्करानेही जानेवारी 2023 मध्ये 48 जेटपॅक सूटसाठी प्रस्ताव मागवले होते.