डाळिंबाची साल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि चेकरबोर्ड

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ही जोडी औषधाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर तपासायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. सोलापुरात भगवा या जातीच्या डाळिंबाची साल हवी तेवढी मिळेल. ती सावलीतच वाळव. इथल्या उन्हात पत्र्यावर टाकलीस तर सालीतली पॉलिफेनॉल ही कामाची संयुगं बिघडतात. 10 ग्रॅम भुकटी 100 मिली 70 टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर हलवत ठेव, गाळून 40 अंशांखाली आटव. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळव, पण वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, डीएमएसओ 1 टक्क्याच्या वर नको.

आधी दोघांची एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी सर्वात कमी तीव्रता, वेगवेगळी काढ. मग 96 वेलच्या प्लेटमध्ये आडवं औषध, उभा अर्क, दोन्ही निम्म्यानिम्म्याने उतरत; हाच चेकरबोर्ड. प्रत्येक वेलमध्ये चौपट तीव्रतेचं 50 मायक्रोलिटर औषध, तेवढाच अर्क आणि 100 मायक्रोलिटर जिवाणू. 0.5 मॅकफार्लंडचं (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाचं) जिवाणूंचं द्रावण ब्रॉथमध्ये, म्हणजे वाढीच्या पातळ माध्यमात, शंभरपट पातळ करून घातलंस की वेलमध्ये मिलिलिटरला सुमारे 5 लाख पेशी होतात. 35 अंशांवर 16 ते 20 तास. प्लेट ओल्या कापसासह डब्यात ठेव, कडेचे वेल आधी सुकतात.

समज, एकत्र दिल्यावर औषधाची एमआयसी 32 वरून 4 वर आली आणि अर्काची 1024 वरून 256 वर. प्रत्येकाच्या नव्या एमआयसीला जुनीने भाग: 0.125 अधिक 0.25, म्हणजे 0.375. बेरीज 0.5 किंवा कमी असेल तरच सहक्रिया, म्हणजे दोघं एकमेकांचा जोर वाढवतात असं, म्हण. दोन्ही निम्म्यावर आली तर बेरीज 1 होते, आणि एका पायरीचा फरक मोजणीच्या चुकीतच बसतो.

खरी फसगत सालीतलं टॅनिन करतं. ब्रॉथमधल्या प्रथिनांशी जुळून ते गढूळपणा आणतं, वाढ नसताना वाढ दिसते. तपकिरी रंगाखाली खरी वाढ लपतेही. जिवंत पेशी दाखवणाऱ्या रेझाझुरिन या निळ्या रंगालाही पॉलिफेनॉल स्वतःच गुलाबी करू शकतात. म्हणून जिवाणूंशिवाय नुसत्या अर्काची रांग लाव, आणि शंकेच्या वेलमधून 5 मायक्रोलिटर अगारवर, म्हणजे घट्ट माध्यमावर, टेकव. शेजारी तुलनेसाठी सुरुवातीच्या द्रावणाचाही ठिपका दे, कारण वाढ थांबलेले पण न मेलेले जिवाणू अगारवर पुन्हा उगवतात. एटीसीसी 29213 या पडताळणीसाठीच्या प्रमाणित वाणावर सिप्रोची एमआयसी मिलिलिटरला 0.12 ते 0.5 मायक्रोग्रॅममध्ये आली नाही, तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद कर.

घरी कुणाला गोळीसोबत सालीचा काढा सुचवू नकोस. सालीतलं मुख्य पॉलिफेनॉल, प्युनिकॅलॅजिन, जसंच्या तसं रक्तात फारसं पोचत नाही, आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन हे वेगळं संयुग करतात. जखमेवरच्या मलमाचा विचार कर. त्यासाठी त्वचेच्या पेशींवरची विषारीपणाची चाचणी आत्ताच आराखड्यात घे.

रुग्णालयातले वाण मागण्याआधी बायोसेफ्टी लेव्हल 2 ची (रोगकारक जिवाणू हाताळण्याच्या सुरक्षित प्रयोगशाळेची) सोय आणि संस्थेची परवानगी बघ. पहिल्या प्लेटांचे आकडे, बाद झालेल्यांसकट, पाठव.