हृदयविकाराच्या धोक्यासाठी ट्रेकच्या प्रथमोपचार पेटीत काय असावे?

आपण विचारले आहे की, डिसेंबरात पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर एका मुक्कामासाठी निघालेल्या आपल्या १४ जणांच्या गटात सहा जण पन्नाशी ओलांडलेले आहेत, त्यांपैकी एकांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, तर नेहमीच्या प्रथमोपचार पेटीत हृदयाच्या दृष्टीने कशाची भर घालावी. मी डॉक्टर नाही. गेली २२ वर्षे सह्याद्रीत गट नेतो आहे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दर दोन वर्षांनी नव्याने घेतो, त्या आधारावर लिहीत आहे. औषधांविषयी जे लिहिले आहे ते त्या सहाही जणांनी निघण्यापूर्वी आपापल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांनी तर गडाचा चढ किती आहे हे सांगून, तो चढण्याची परवानगीच डॉक्टरांकडून घ्यावी.

पेटीत सर्वांत आधी जाते ती साध्या अ‍ॅस्पिरिनची गोळी. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी धरत असताना ती वाढू न देण्याचे काम हे औषध करते. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय येताच ३०० ते ३२५ मिलिग्रॅम एवढी मात्रा चावून खायची असते, कारण चावल्याने औषध लवकर रक्तात उतरते. रोज घेण्याच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांवर बहुधा पोटात उशिरा विरघळणारे आवरण असते. दुसरे काही नसेल तर त्याच चार गोळ्या चावून खाव्यात, पण पेटीसाठी बिनआवरणाचीच गोळी घ्यावी. देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायचे: अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे का किंवा त्याने कधी दमा उठला आहे का, पोटात अल्सर किंवा अलीकडे कुठे रक्तस्राव झाला आहे का, आणि डॉक्टरांनी हे औषध घेऊ नका असे सांगितले आहे का. तोंड वाकडे झाले असेल, बोलणे अडखळत असेल किंवा एका बाजूचा हात उचलत नसेल, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर गोळी नाही आणि पाणीही नाही.

या गोळीची एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली म्हणून मुद्दाम सांगतो. एका पावसाळ्यानंतर आमची पेटी तपासायला काढली, तेव्हा अ‍ॅस्पिरिनच्या पट्टीवरची मुदत संपायला अजून आठ महिने होते. पण जागा वाचवण्यासाठी कोणीतरी पट्टी कात्रीने कापली होती आणि एका गोळीवरच्या पातळ पत्र्याला बारीक चीर गेली होती. ती गोळी हातात घेताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला आणि तिच्या कडा बोटाला भुकटीसारख्या लागल्या. ओलाव्याने अ‍ॅस्पिरिनचे विघटन होते, त्याचाच हा वास. तेव्हापासून आम्ही अख्खी पट्टी झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो. मेमध्ये गाडीच्या डिकीत पेटी विसरणेही औषधांना तितकेच मारक आहे.

दुसरी गोळी म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. ही सरसकट कोणालाही देण्याची वस्तू नाही, हे मी आग्रहाने सांगतो. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे रक्तदाब उतरतो. ज्याचा दाब आधीच खाली आला आहे किंवा ज्याच्या हृदयाच्या उजव्या भागाला झटक्याचा मार बसला आहे, त्याला ती घातक ठरू शकते. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांच्या आत किंवा त्याच प्रकारची टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांच्या आत ती मुळीच चालत नाही, आणि हा प्रश्न चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारावा लागतो, नाहीतर खरे उत्तर मिळत नाही. म्हणून ज्यांना डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे त्यांनी ती स्वतःच्या खिशात ठेवावी, शेजारच्या दोघांना तो खिसा माहीत असावा, आणि घेताना बसून घ्यावी. मोबाइलवर फिरणारी ‘जीव वाचवणारी तीन गोळ्यांची पुडी’ कोणाच्याही तोंडात रिकामी करू नये. जोराने खोकत राहिल्याने झटका थांबतो, या संदेशावरही विसंबू नये.

हातमोजे आणि तोंडाने श्वास देण्याचा मास्क या वस्तू वजनाला काहीच नाहीत, त्या ठेवाव्यात. रक्तदाब मोजण्याचे छोटे यंत्र उपयोगी पडते. गटात मधुमेही असतील तर ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज हवेच, कारण साखर उतरल्यानेही घाम फुटतो आणि धडधड होते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर डिसेंबरच्या पहाटे गार पडलेल्या बोटांवर भलतेच आकडे दाखवते, त्यामुळे बोट चोळून गरम केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. ऑक्सिजनचे हलके डबे मी नेत नाही. त्यात काही मिनिटांपुरताच वायू असतो, आणि रक्तातील ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर असेल तर हृदयविकाराच्या झटक्यात त्याचा फायदाही होत नाही.

एईडीविषयी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राविषयी, आपण वेगळे विचारले आहे. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब दिला नाही आणि विजेचा झटकाही मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. गडावर रुग्णवाहिका दहा मिनिटांत पोहोचणे अशक्य आहे, म्हणून हे यंत्र जवळ असण्याला खरा अर्थ आहे. त्याचे वजन साधारण दीड ते तीन किलो असते. क्लबचे वर्षभर ट्रेक होत असतील तर सर्वांनी वर्गणी काढून एक घ्यावे, आणि त्याच्या थैलीत छाती पुसायला कोरडा पंचा, केस काढायला रेझर आणि कपडे कापायला कात्री ठेवावी. पॅडची आणि बॅटरीची मुदत वहीत लिहून ठेवावी. यंत्र नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एकटा माणूस किती लवकर थकतो हे सरावातच कळते, म्हणून निघण्याआधी चौदाही जणांना एक रविवार बाहुलीवर सराव करायला लावावा. यंत्राशिवाय नुसत्या दाबाने दुर्गम जागी माणूस परत येणे फार विरळा असते, आणि म्हणूनच हृदय बंद पडण्याच्या आधीचा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तो तास मी एकदा वाया घालवला आहे. याच गडाच्या दुसऱ्या वाटेने, खिरेश्वरहून तोलार खिंडीकडे चढताना ५४ वर्षांचे एक सहकारी छातीत जळजळते म्हणाले. सकाळचा वडापाव बाधला असेल असे त्यांनाही वाटले आणि मलाही. मी पित्ताची गोळी दिली, वीस मिनिटे बसवले, बरे वाटले तसे पुन्हा चालवले. अर्ध्या तासाने त्यांना दरदरून घाम फुटला आणि जबडा दुखू लागला. संध्याकाळी रुग्णालयात काढलेल्या ईसीजीमध्ये झटका स्पष्ट दिसला. ते वाचले, पण मी त्यांना तेवढे चालवायला नको होते. चढावर सुरू होऊन बसल्यावर थांबणारे छातीतले, जबड्यातले किंवा बेंबीच्या वरचे दुखणे हृदयाचेच आहे असे मी तेव्हापासून धरून चालतो. स्त्रियांत आणि मधुमेहींत नुसती धाप, मळमळ किंवा न समजणारा थकवा एवढेच लक्षण असू शकते.

अशा माणसाला एक पाऊलही चालवू नये. पाठीला सॅक टेकवून, गुडघे दुमडून बसवावे, कपडे सैल करावेत, अ‍ॅस्पिरिन दिल्याची वेळ मार्करने त्याच्या मनगटावर लिहावी आणि खाली उचलूनच न्यावे. त्यासाठी पेटीबरोबर मजबूत ताडपत्री आणि दोरी हवी. बांबू आणि खांदे पाचनईच्या ग्रामस्थांकडून मिळतात, म्हणून तिथल्या एका वाटाड्याचा क्रमांक निघतानाच घ्यावा. १०८ व ११२ बरोबर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांकही फोनमध्ये असावा. राजूर–अकोले बाजूला ईसीजी कुठे निघतो आणि गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन कुठे मिळते, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. प्रत्येकाची औषधे, अ‍ॅलर्जी आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पेटीत ठेवावी, आणि अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या जुन्या ईसीजीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असावा, कारण नव्या ईसीजीत काय बदलले हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळते.

पेटी पिछाडीला चालणाऱ्या अनुभवी सदस्याच्या पाठीवर द्यावी. ज्याला त्रास होतो तो मागे पडतो, आणि म्होरक्या पेटी घेऊन तोवर अर्धा तास पुढे गेलेला असतो.